भाचीला न्यूज अँकर व्हायचंय, लाईनमधल्यांनी जरा खरं खरं सांगा

अर्धविराम
मंडळी नमस्कार. बहिणीच्या मुलीचं मास मीडियाचं शेवटचं वर्ष आत्ताच संपलंय आणि घरात सध्या दुसरा विषयच नाही. एका मराठी न्यूज चॅनलवर तिला ट्रेनी अँकर म्हणून घेतायत, सहा महिने ट्रेनिंग, पुढचं पुढे बघू असा मामला. दुसरीकडे एका कंपनीत कंटेंट लिहायची नोकरी हातात आहे, पगार पहिल्याच महिन्यापासून जवळजवळ दीडपट. बहीण म्हणते टीव्हीवर दिसून पोट भरतं का. भाची म्हणते मामा तूच समजव आईला. आणि मामाला या धंद्यातलं कळतं काय, तर लहानपणी बातम्या लागल्या की आमचे बाबा घरात कोणाला बोलू द्यायचे नाहीत, एवढंच. प्रदीप भिडे नमस्कार म्हणाले की बाबाही खुर्चीतल्या खुर्चीत मान झुकवून नमस्कार घ्यायचे. आम्ही पोरं खिदळायचो, त्यांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचंच नाही. २०२२ च्या जूनमध्ये भिडे गेले तेव्हा आईने मला मुद्दाम फोन करून सांगितलं, नात्यातलं कोणी गेल्यासारखं.
तर प्रश्न असा की बातम्या वाचणं हे आयुष्यभर करण्यासारखं काम आहे का? की चेहरा ताजा आहे तोवर घ्या करून? इथे दोनतीन जण त्या लाईनमधले आहेत हे माहिती आहे, त्यांनी कृपया हात आखडता घेऊ नये.

जुनाअँटेना
छान धागा. आधी थोडं स्मरणरंजन करतो, मग कामाचं बोलणारे येतीलच. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. मराठी बातम्यांच्या पहिल्या फळीत डॉ. विश्वास मेहेंदळे, मग भक्ती बर्वे, अनंत भावे, स्मिता पाटील, आणि भिडे तर पुढे चार दशकं. स्मिता पाटील जीन्सवरच साडी गुंडाळून बातम्या वाचायला बसायची हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे, कॅमेऱ्यात कमरेखालचं दिसतंय कोणाला! श्याम बेनेगलांनी तिला हेरली ती बातम्या वाचतानाच. आमच्या चाळीत एकच टीव्ही होता, काळापांढरा, आणि त्याच्यावर निळी काच लावलेली, त्यामुळे ही सगळी मंडळी माझ्या आठवणीत निळीच आहेत. रंगीत प्रक्षेपण १९८२ ला आलं तेव्हा निवेदिकेची साडी नेमकी कुठल्या रंगाची यावर चाळीत पैजा लागायच्या, कारण रंगीत टीव्ही आमच्याकडे आलेलाच नव्हता.

मनीप्लँट
पगार किती असतो ते सांगा आधी. बाकी सगळं नंतर.

खडूस_मी
तेव्हाचे वृत्तनिवेदक होते, आताचे अँकर आहेत. फरक शब्दातच आला. तेव्हा माणूस बातमी सांगून उठून जायचा, आता बातमी राहते बाजूला आणि अँकर तासभर आपल्यालाच झापत बसतो. भाचीला सांगा कंटेंट लिही बाई, निदान शेजारी तोंड चुकवणार नाहीत.

टॉकबॅक
माझं नाव बघूनच कळेल कुठे होतो ते. अकरा वर्षं पीसीआरमध्ये, म्हणजे स्टुडिओमागच्या कंट्रोल रूममध्ये काढली, २००८ ते २०१९, दोन वेगवेगळ्या चॅनलांत. नावं नका विचारू.

खडूसराव, अँकर ओरडतो ते तुम्हाला दिसतं. त्याच्या कानात काय चालू असतं ते दिसत नाही. कानात इअरपीस, त्यात माझ्यासारखा एकजण अखंड बोलतोय: बाईट रेडी नाही, फोनो घे, फोनो तुटला, तूच बोल, अजून बोल, ओबी आली, टॉस दे रिपोर्टरला, नाव चुकलं, दुरुस्त कर, ब्रेकला दहा सेकंद. (बाईट म्हणजे कोणाचं तरी रेकॉर्ड केलेलं बोलणं, फोनो म्हणजे फोनवरून घेतलेली माहिती, ओबी म्हणजे बाहेरून थेट दृश्यं पाठवणारी गाडी, टॉस म्हणजे बोलणं रिपोर्टरकडे सोपवणं.) आणि हे ऐकता ऐकता तोंडाने वेगळंच वाक्य नीट पूर्ण करायचं असतं, डोळे स्थिर ठेवून. नवीन आलेल्या दहापैकी आठ जण इथेच गळतात. दिसायला देखणे असतात, आवाज चांगला असतो, पण कानात आवाज आला की तोंड बंद पडतं. घरी करून बघा, एका कानात हेडफोन लावून क्रिकेटची कॉमेंट्री ऐका आणि त्याच वेळी पेपरातला अग्रलेख मोठ्याने वाचा. दोन मिनिटं झेपलं तर कळवा.

सव्वीस अकराला मी लाईनमध्ये अगदी नवा होतो. मराठीत चोवीस तासांची चॅनल पण नवीनच, स्टार माझा आणि झी चोवीस तास २००७ चे, आयबीएन लोकमत तर त्याच वर्षीचं, २००८. आमच्याकडे एक अँकर रात्री बसली ती सकाळपर्यंत उठली नाही. प्रॉम्प्टरवर काही नाही, कारण लिहिलेलं काही नव्हतंच. ती काय बोलत होती? जे खात्रीने माहीत होतं तेवढंच, पुन्हा पुन्हा, दर वेळी वेगळ्या शब्दात. मृतांचा आकडा तिला कानात तीन वेळा वेगवेगळा सांगितला गेला, तिने तीनही वेळा 'अद्याप अधिकृत दुजोरा नाही' म्हणून पुढे नेलं. मी शिकलो ते तिथे. आणि दुसरी बाजू पण सांगतो, त्या तीन दिवसांत चॅनलांनी कमांडोंच्या हालचाली लाईव्ह दाखवल्या, २०१२ च्या कसाबच्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्यावर कडक शब्दात सुनावलं आणि २०१५ मध्ये नियमच आला की दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण नाही, सरकार नेमेल त्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवायची. म्हणजे खडूसरावांचा राग अगदीच अस्थानी नाही.

@मनीप्लँट, आकडा चॅनलप्रमाणे आणि चेहऱ्याप्रमाणे इतका बदलतो की सांगून उपयोग नाही. ट्रेनीला कमी. प्राइम टाइमच्या एकदोघांना भरपूर. मधले सगळे करारावर, दर वर्षी धाकधूक.

मनीप्लँट
म्हणजे कंटेंट रायटिंग.

अनुस्वार
टीव्हीवाल्यांनो, 'कोट्यावधी' म्हणणं कधी थांबवणार? कोटि अधिक अवधि, कोट्यवधी. रोज दोन वेळा ऐकतो आणि रोज दोन वेळा टीव्हीला नमस्कार करतो. धागाकर्त्याच्या वडिलांसारखा नव्हे, वेगळा.

जुनाअँटेना
लोल. अनुस्वार, तुमची वाट बघतच होतो.

कागदपेन्सिल
वाचनमात्र होते, पण धाग्याचं शीर्षक बघून राहवलं नाही. मी दूरदर्शनच्या एका केंद्रावर चौदा वर्षं प्रादेशिक बातम्या वाचल्या. नाव विचारू नका, ज्यांना कळायचं त्यांना लिहिण्यावरून कळेलच.

पहिली गोष्ट, जी ऐकून लोक अजून दचकतात: आमच्यातले बहुतेक जण दूरदर्शनचे नोकर नव्हतेच. कॅज्युअल. ऑडिशन पास झालात की पॅनलवर नाव, आणि महिन्यातले ठरावीकच दिवस बुकिंग, त्या दिवसाचे पैसे. बस्स. रजा नाही, पेन्शन नाही. रस्त्यात लोक ओळखायचे, भाजीवाली मेथीची जुडी वर टाकायची, आणि मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला माझ्या बँकेच्या काउंटरवर. एकदा एक आजोबा पासबुक भरून घ्यायला आले आणि माझ्याकडे बघून म्हणाले काल रात्री तर तुम्ही बरंच बोलत होतात, आज एंट्री करायला इतका वेळ का. त्यामुळे अर्धविराम, तुमच्या बहिणीचा प्रश्न, दिसून पोट भरतं का, याचं आमच्या पिढीचं उत्तर 'नाही, आणि भरावं अशी अपेक्षाही नव्हती'. अनंत भावे प्राध्यापक आणि मुलांसाठी लिहिणारे कवी. भिडे जनसंपर्काच्या नोकरीत होते, मग जाहिराती, माहितीपट, कार्यक्रमांचं निवेदन, आवाजाच्या जोरावर उभं केलेलं सगळं वेगळं काम. बातम्यांनी नाव दिलं, घर बाकीच्या गोष्टींनी चाललं.

आता कामाबद्दल. लोकांना वाटतं समोर लिहिलेलं असतं, वाचायचं काय त्यात. प्रॉम्प्टर म्हणजे लेन्सच्या पुढे तिरकी काच, खाली उलटी अक्षरं दाखवणारा मॉनिटर, ती काचेत सुलटी दिसतात. पण मी शिकले कागदावर. बातम्या अगदी शेवटी हातात पडायच्या, कधी टाइप केलेल्या, कधी हाताने खरडलेल्या, आणि माझ्याकडे एक लाल पेन्सिल. कागद आला की पहिलं काम श्वास मारायचे. जिथे श्वास तिथे तिरकी रेघ, जिथे जोर तिथे खाली रेघ. ही रेघ कुठे पडते यावर बातमी फिरते. पहिल्याच महिन्यात माझ्या वरिष्ठांनी मला एक वाक्य दिलं होतं, ते मी पुढे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला देत आले:

मुख्यमंत्र्यांनी फसवलेल्या शेतकऱ्यांना भरपाई जाहीर केली.

वाचा मोठ्याने. 'मुख्यमंत्र्यांनी' नंतर थांबलात तर मुख्यमंत्री भरपाई देणारे. न थांबता 'फसवलेल्या' वर गेलात तर मुख्यमंत्रीच फसवणारे. अक्षर एकही बदललेलं नाही, स्वल्पविराम घालायला कोणाला वेळ झालेला नाही, आणि तुम्ही लाईव्ह आहात.

दुसरं, आपली लिपी आपल्याला फसवते. 'जग' लिहिलंय, ते दुनिया या अर्थाचं की जगणं या अर्थाचं? उच्चार वेगळा, अक्षर तेच. चंद्राचा च वेगळा आणि चाकाचा वेगळा. 'माझा' आणि 'माझी' मधला झ एक नाही. हे आपल्याला बोलताना आपोआप येतं, वाचताना जातं, कारण वाचताना डोळा पुढे असतो आणि डोकं मागे. म्हणून मी भाचीला सांगेन, वाचू नकोस, वाक्य डोळ्याने आधी उचल आणि मग कोणाला तरी सांग. मी समोर कॅमेऱ्याच्या जागी माझ्या आत्याला बसलेली कल्पायची. आत्याला ऐकू कमी यायचं, तिला घाईत सांगितलेलं चालायचं नाही.

तिसरं, चेहरा. मृत्यूची बातमी आणि लगेच पुढे क्रिकेटचा विजय, मध्ये फक्त कागद उलटायचा वेळ. तेवढ्यात चेहरा बदलायचा पण बदललेला दिसता कामा नये. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या सकाळी, दूरदर्शनवर सलमा सुलतान यांनी ती बातमी सांगितली संध्याकाळी. मी त्या वेळी कॉलेजात होते. एरवी केसात गुलाब खोचणारी ती बाई त्या दिवशी कशी बोलली हे मी नंतर माझ्या कामात कितीतरी वेळा आठवलं. आवाज जरा खाली, वेग जरा कमी, त्याहून जास्त काही नाही.

बरंच लांबलं. हिरवी साडी आणि बारीक चौकडीचं कापड टाळा हे सांगायचं राहिलं. मागे दुसरं चित्र बसवायला जो हिरवा पडदा लावतात त्या क्रोमात हिरवं विरघळतं आणि बारीक चौकड्या स्क्रीनवर किड्यांसारख्या वळवळतात. माझं एक फार आवडतं इरकल यापायी चौदा वर्षं कपाटात पडून होतं.

टॉकबॅक
मॅडम, दंडवत. फसवलेल्या शेतकऱ्यांचं वाक्य चोरतोय.

खडूस_मी
प्रतिसाद आवडला, मान्य. पण यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो ना? ताईंना कोणी आरडाओरडा करायला सांगत नव्हतं. आज ट्रेनी पोरीला रेघा मारायला वेळ देतं का कोणी?

कागदपेन्सिल
तुमचा मुद्दा अर्धा मान्य. पण आम्हाला जुन्या काळचे देव करू नका. आम्ही शांत होतो याचं एक कारण हेही होतं की आम्हाला काही विचारायची मुभाच नव्हती. कागदावर 'मंत्रिमहोदयांच्या हस्ते उद्घाटन' अशा ओळीने चार बातम्या असायच्या, पाचवी दुष्काळाची, आणि हा क्रम कोण लावतो हे आम्ही विचारायचो नाही. मी एकदा विचारलं. पुढचे दोन महिने माझं बुकिंग आलं नाही. कॅज्युअल माणसाला काढावं लागत नाही, नुसतं बोलवायचं नाही, झालं. आजची मुलगी निदान स्टुडिओत बसून मंत्र्याला 'पण साहेब, आकडे तर असं सांगत नाहीत' म्हणू शकते. सगळ्या म्हणत नाहीत, पण म्हणू शकतात. मला ते कधी जमलं नाही.

जुनाअँटेना
हे वाचून जरा गप्प झालो. आमची निळी माणसं.

बारकोड
ज्या कामाबद्दल तुम्ही सगळे इतकं जीव तोडून लिहिताय ते पाच वर्षांनी असेल का पण? २०१८ मध्ये चीनच्या शिन्हुआ वृत्तसंस्थेने यंत्राने बनवलेला निवेदक आणला. आपल्याकडे २०२३ मध्ये आज तकवाल्या ग्रुपची सना, ओडिशात लिसा, आणि २०२४ च्या मेमध्ये खुद्द दूरदर्शनच्या किसान वाहिनीवर क्रिश आणि भूमी. रजा नको, मेकअप नको, कानात ओरडलं तरी दचकत नाहीत. भाचीचं ट्रेनिंग संपेपर्यंत तिची खुर्ची राहील का हा खरा प्रश्न आहे.

अनुस्वार
ते यंत्र 'कोट्यावधी' म्हणतं का?

बारकोड
जे शिकवाल ते म्हणेल.

अनुस्वार
मग माझा पाठिंबा आहे.

टॉकबॅक
हवामान, बाजारभाव, हेडलाईन्स, हे यंत्राकडे जाणार, जाऊच दे, त्यात तसंही कोणाचं करिअर झालेलं नाही. पण रात्री दीडला पूल पडला, एकच रिपोर्टर फोनवर आहे, त्याचा आवाज कापतोय, त्याला धीर देत देत माहिती काढायची, ते काम कोणीतरी माणूसच करणार, निदान मी तरी यंत्राच्या कानात बोलायला बसणार नाही.

अर्धविराम, आता तुमच्यासाठी नेमकं. भाचीने ट्रेनी म्हणून जाण्याआधी एकच विचारावं: मला फक्त वाचायला बसवणार की डेस्कवर पण टाकणार? डेस्क म्हणजे बातमी लिहिणं, रनडाऊन म्हणजे बातम्यांचा क्रम लावणं, बाईट कापणं. जे चॅनल ट्रेनीला सहा महिने डेस्क आणि फील्डवर राबवतं तिथे आनंदाने जावं, पगार कमी असला तरी. जे दुसऱ्याच आठवड्यात मेकअप करून बसवतं तिथून पळावं. मी बघितलंय. तेवीस वर्षांची मुलगी, पहिल्या वर्षी होर्डिंगवर, तिसऱ्या वर्षी नवीन संपादक आला त्याला नवा चेहरा हवा होता, तिला दुपारी तीनच्या बुलेटिनला टाकलं, मग पहाटे साडेपाचच्या. लिहिता येत नव्हतं, रिपोर्टिंग केलेलं नव्हतं, जाणार कुठे? आणि त्याच बॅचची दुसरी, दिसायला साधी, स्क्रीनवर उशिरा आली, पण स्क्रिप्ट स्वतः लिहायची. ती आज इनपुट डेस्क, म्हणजे बाहेरून बातम्या येतात ती बाजू सांभाळते, हवं तेव्हा अँकरिंग करते, नको तेव्हा नाही. आणि वय वाढलं की पुरुष अँकरला 'अनुभवी' म्हणतात आणि बाईला सकाळच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात पाठवतात, हे पण तिला आत्ताच सांगून ठेवा.

आवाजकी
थोडं माझं. मी व्हॉइसओव्हर करते, बातम्यांत कधीच नव्हते, पण बातम्यांतून आलेले खूप जण आमच्याकडे येतात आणि टिकतात, कारण वेळेत वाचायची सवय. तीस सेकंद म्हणजे तीसच. दिल्ली मेट्रोत हिंदीत दारं उघडायचं सांगणारा आवाज शम्मी नारंग यांचा, इंग्रजीतला रिनी सायमन खन्ना यांचा, दोघेही दूरदर्शनच्या बातम्यांतले. डबिंग, ऑडिओबुक, कार्यक्रमाचं निवेदन, दवाखान्याच्या फोनवरचं 'आपण रांगेत आहात', सगळं काम आहे. चेहऱ्याला मुदत असते हे खरं, पण आवाज सांभाळलात तर तो फार पुढेपर्यंत साथ देतो. फक्त त्यासाठी ओरडायचं नाही. घशाच्या डॉक्टरकडे माझ्या पुढच्या नंबरला दोनदा न्यूज अँकर भेटलेत, एकाच्या स्वरयंत्रावर गाठी आलेल्या, बोलायची बंदी, पाटीवर लिहून दाखवत होता. डिबेट शो करायचा.

खडूस_मी
बघा. मी म्हणालो होतो.

जुनाअँटेना
अवांतर: भिडे गेले ७ जून २०२२ ला, आणि बरोबर एका वर्षाने, ७ जून २०२३ ला, दूरदर्शनच्या इंग्रजी बातम्यांच्या गीतांजली अय्यर गेल्या. कशाला सांगतोय माहीत नाही, तेव्हाच लक्षात आलं होतं, कोणाला सांगायचं राहून गेलं होतं.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं. धागा प्रिंट काढून बहिणीला दिला, तिने कागदपेन्सिल ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि म्हणाली ही बाई बँकेत होती ना, मग हिला पण बँकेच्या परीक्षा देऊ दे. म्हणजे थोडक्यात बूमरँग.

भाचीने मात्र चॅनलला फोन करून टॉकबॅकनी सांगितलेला प्रश्न विचारला. पलीकडचे म्हणाले पहिले चार महिने डेस्क, कॅमेऱ्यासमोर बसायचं नाव काढू नका. ती जरा हिरमुसली. मी म्हटलं अगं हेच चांगलं आहे म्हणतायत, तर म्हणाली मामा तुला दोन दिवसांत फार कळायला लागलं.

आणि हो, ते वाक्य तिला मोबाईलवर वाचून रेकॉर्ड करायला लावलं. पहिल्यांदा सलग वाचलं, मुख्यमंत्री थेट आरोपी. दुसऱ्यांदा इतकी थांबली की मला वाटलं कॉल कट झाला. तिसरं रेकॉर्डिंग कागदपेन्सिल ताईंना व्यनिने, म्हणजे खासगी निरोपाने पाठवलंय, वेळ झाला की ऐका.

कागदपेन्सिल
ऐकलं. श्वास बरोबर जागी आहे. 'शेतकऱ्यांना' मधला 'ऱ्या' खाल्लाय, तो परत आणायला सांगा, आणि मुख्यमंत्र्यांवर इतका जोर नको, भरपाईवर हवा. चौथं पाठवा.